खांद्याचं टोक

ह्या साइटवरचे अनुभव मी वर्षभर गुपचूप वाचतेय. वाचते आणि बहुतेक वेळा मनातल्या मनात निदान करून मोकळी होते — हिला झोप पुरत नाही, ह्यांनी एकदा थायरॉइड तपासून घ्यावा, ह्या काकांचा चष्म्याचा नंबर बदललाय... सवयच आहे. मी डॉक्टर आहे. कोल्हापुरात कळंब्याकडे जाणाऱ्या रस्त्याला माझा दवाखाना आहे. साधी फॅमिली डॉक्टर — सर्दी, ताप, जुलाब, बी.पी., साखर.

भूत, करणी, बाहेरची बाधा यांतलं मी कधी काही मानलं नाही. त्यात माझ्या शिक्षणाचा वाटा थोडा आहे. आमच्या घरात ते मुळी नव्हतंच. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरी आल्या आल्या देव्हारा, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं गोळा करून पंचगंगेत सोडून आले. आजीनं त्यानंतर एकदाच विचारलं म्हणे, की मांजर आडवं गेलं तर आता थांबायचं का नाही? आजोबा म्हणाले, "मांजराला घाई असंल, त्याला आधी जाऊ दे." अशा घरात मी वाढले.

त्यामुळे खाली लिहितेय ते कुठल्या शक्तीचं काम आहे, असं माझं म्हणणं नाही. ते झालं, मी तिथे होते, आणि दहा-बारा वर्षं झाली तरी मला ते कशातही बसवता येत नाही — एवढंच माझं म्हणणं.

आधी थोडं माझ्या कामाविषयी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं शरीरात असतं आणि मूळ मनात. नाटक करत नाहीत ते, खरंच दुखतं. पण कुठल्या तपासणीत काही सापडत नाही. अशी दुखणी ओळखायला मी हळूहळू शिकले, आणि खरं सांगायचं तर त्यात माझा हात चांगला बसला. आजूबाजूचे डॉक्टर मुद्दाम माझ्याकडे पेशंट पाठवायचे. एकदा एक नवी नवरी आली होती. उजवा हात बधिर. टाचणी टोचून पाहिलं, तर बोटांपासून बांगड्यांपर्यंत काही कळत नाही आणि बांगड्यांच्या वर लगेच "आई गं!" आता हाताच्या नसा काही बांगड्या बघून थांबत नाहीत. त्या लांबट पट्ट्यांसारख्या खाली उतरतात. ज्याला नसांची माहिती नाही त्याच्या डोळ्यापुढे 'हात' म्हणजे बांगड्यांपर्यंतचा हात असतो, आणि मन तेवढाच हात बधिर करतं. (सासू तिला त्या हातानं भाकऱ्या थापायला लावायची आणि प्रत्येक भाकरीला नाव ठेवायची. वेगळी चूल झाली, हात सुधारला.) एका शाळेतल्या बाईंचा आवाज बंद झाला होता. मी म्हटलं, खोका. चांगला खणखणीत खोकला आला. खोकल्याला आवाज आहे म्हणजे गळ्याच्या तारा ठीक आहेत.

ह्यातून मी माझ्यापुरता एक नियम काढला होता. मनाचं दुखणं पेशंटला जेवढं ठाऊक असतं तेवढंच दुखतं. जे त्याला माहीतच नाही, ते त्याचं मन कुठून आणणार? आजवर ह्या नियमानं मला दगा दिला नव्हता.

हं, ह्या कामात धास्ती असते. मनाचं म्हणून सोडून दिलं आणि आत खरंच काही निघालं तर? म्हणून मी आधी सगळ्या तपासण्या करून घेते. "तुम्हाला काही झालेलं नाही" असं तर मी कुणालाच म्हणत नाही.

ही गोष्ट तानाजीची.

अठ्ठ्याण्णवचा पावसाळा होता. तानाजी आमच्या गल्लीमागचाच. घरच्या चार म्हशी. सकाळ-संध्याकाळ चौकात म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचा — कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, लोक तिथेच उभे राहून ते कोमट, फेसाळ दूध पितात. अंगानं भरलेला गडी. माझ्याकडे कधी सर्दीसाठीही आला नव्हता. तो आला ते पोट धरून, आणि सोबत त्याची आई, हौसाबाई.

"कळ येतिया डॉक्टरीणबाई. येतिया न् जातिया."

"जेवल्यावर की उपाशीपोटी?"

"तसलं काय न्हाई. तिच्या मनाला आलं की येतिया. मी वाकडा हुतो, मग सुटतिया."

हौसाबाई म्हणाल्या, "म्हशीची लाथ बसली तरी हूं का चूं न करणारा गडी हाय ह्यो. आन आता बघा की! जेवताना ताट सोडून उठतोय."

लघवी, रक्त, सोनोग्राफी, सगळं करून घेतलं. सगळं स्वच्छ. मुतखडा नाही, अपेंडिक्स नाही. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी फरक नाही. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला — दुखणं सुरू झालं तेव्हा घरात काय झालं होतं?

"काय बी न्हाई. ही म्हायेरला गेली, तेवढंच."

ही म्हणजे संगीता, त्याची बायको. पहिलंच बाळंतपण, सातवा लागल्यावर ओटी भरून माहेरी पाठवलेली. माहेर गगनबावड्याच्या अलीकडे, रस्त्यापासून आत एक वाडी. मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"मी म्हटलंच हुतं! तिला तिकडं पाठीवली आन ह्याला हिकडं कळा. अरं, तुझीच ओटी भरूया की आता. हिरवं लुगडं आणतो तुला!"

"आये, गप बस की!" तानाजी कानापर्यंत लाल झाला.

असं होतं, हे मी वाचलेलं होतं. बायको गरोदर असताना नवऱ्याला उलट्या होणं, पोटात दुखणं — जगभर सापडतं. मी हौसाबाईंना आत बोलावून विचारलं, बाळंतपणाची एवढी धास्ती ह्याला का? तेव्हा त्यांचं हसू गेलं. तानाजीची थोरली बहीण ह्याच घरात पहिल्या बाळंतपणात गेली होती. "घरात तिचं नाव काढत न्हाई आम्ही," त्या म्हणाल्या.

झालं, कारण सापडलं. मला तर अगदी समाधान वाटलं. बाहेर येऊन तानाजीला म्हटलं, "तुझं दुखणं खरं आहे, पण धोक्याचं नाही. संगीता बाळंत झाली की थांबेल. तोवर एकदा जाऊन तिला भेटून ये."

"कसा जाणार? बोलावणं न्हाई. न बोलावता जावई गेला तर बायकू सुटंना म्हणून आला म्हणत्यात. आन म्हशी कुणाच्या गळ्यात बांधू? काळी म्हस माझ्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाई."

"मी चिठ्ठी देते. डॉक्टरनं पाठवलंय म्हण."

"आन काय सांगू? माझ्या पोटात दुखतंय म्हणून हिला बघाय आलोय?"

ह्यावर हौसाबाई पुन्हा हसत सुटल्या. मीही हसले. तो गेला नाही.

त्यानंतर तो अधूनमधून येत राहिला. मी पोट तपासायची, गप्पा मारायची, तो बरं वाटलं म्हणून जायचा. संगीताला आठवा लागला होता. म्हणजे अजून अवकाश होता.

मग ऑगस्टमधला तो दिवस. पाऊस होता, पण कोल्हापुरात ऑगस्टमध्ये तो असतोच. सकाळची ओपीडी संपत आली होती, एवढ्यात हौसाबाई तानाजीला धरून घेऊन आल्या. पहाटे धार काढताना म्हशीखालीच बसला, बादली सांडली. तेव्हापासून कळा थांबतच नव्हत्या.

टेबलावर झोपवलं. कळ आली की तो दात आवळायचा, श्वास धरायचा, दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा पकडायचा. मग हळूहळू सुटायचा आणि घामानं भिजून छताकडे बघत पडायचा. थोड्या वेळानं पुन्हा. मी घड्याळ लावून बसले. लेबर रूममध्ये काम केलेल्या कुणालाही हे दृश्य पाठ असतं. फरक एकच — बाळंत होणाऱ्या बाईचं पोट कळेसरशी दगडासारखं होतं, ह्याचं लोण्यासारखं मऊ. कळ जोरात असतानाही मऊ. म्हणजे मनाचंच. माझ्या मनात शंका नव्हती.

अशा वेळी मी इंजेक्शन देते. बी-कॉम्प्लेक्स, दुसरं काही नाही, पण दुखतं भरपूर, आणि आमच्याकडच्या माणसांचा गोळीपेक्षा सुईवर विश्वास. मी पाठ करून सिरिंज भरत होते, तेवढ्यात तो म्हणाला,

"थांबलं."

"सुई बघूनच पळालं बघा!" हौसाबाई म्हणाल्या.

मी हसत वळले. तानाजी हसत नव्हता. तो उठून बसला होता आणि समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"थांबलं म्हंजे... काय तरी तुटल्यागत झालं. आता कळ न्हाई." मग त्यानं डावा हात उजव्या खांद्यावर नेला आणि बोट टेकवलं, बरोबर टोकाला. "आता हितं दुखाय लागलंय."

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

ह्यानं मी का चरकले, ते सांगायला हवं. पोटाच्या आत रक्तस्राव झाला की ते रक्त वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागतं. त्या पडद्याची आणि खांद्याच्या टोकाची नस एकाच ठिकाणाहून येते, म्हणून इजा पोटात आणि दुखतो खांदा. अडलेल्या बाईच्या कळा एकाएकी थांबल्या, काहीतरी तुटल्यासारखं वाटलं आणि मग खांद्याचं टोक दुखायला लागलं, तर त्याचा अर्थ गर्भाची पिशवी फाटली. इंटर्नशिपमध्ये मी हे एकदा पाहिलं होतं. ती बाई पुन्हा पुन्हा खांदाच दाखवत होती.

पण ती बाई होती. हा तानाजी.

मी त्याचा खांदा वर, खाली, मागे, सगळीकडून फिरवला. सांधा मोकळा. दाबून दुखत नाही. नाडी शांत, बी.पी. माझ्यापेक्षा चांगलं. ईसीजी काढला, नॉर्मल. पोट मऊ.

"तानाजी, हे खांद्याचं तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"बाळंतपणात खांदा दुखतो असं कुणी बोललं का? संगीता? तिची आई? कुठे ऐकलंस?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू माझ्याच डोक्यावर परिणाम झालाय. "बाळंतपणाचा न् खांद्याचा काय संबंध? खांदा माझा हाय की."

हौसाबाईंनाही विचारलं. त्यांना तर प्रश्नच कळला नाही. दहा बाळंतपणं केलेली बाई, पण खांद्याचं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

पेशंटला ठाऊक असतं तेवढंच दुखतं, असा माझा नियम. त्या खोलीत खांद्याचं ठाऊक असलेली फक्त मी होते, आणि मी तोंडातून शब्द काढलेला नव्हता.

मी फोन जवळ ओढला. त्या वाडीत फोन नव्हता. रस्त्यावरच्या गावात एका किराणा दुकानात होता, तो नंबर हौसाबाईंकडे होता. लावला. रिंगच जात नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा लावला. पावसात त्या बाजूच्या लाईन नेहमीच पडायच्या.

मग मी खुर्चीत बसून हिशेब मांडला. गेले आणि काही निघालं नाही, तर दुपार फुकट जाईल आणि आयुष्यभर लोक मला हसतील — म्हशीवाल्याच्या खांद्यावरून बायकोचं निदान करणारी डॉक्टरीण. नाही गेले, आणि... ह्याच्या पुढे मला जाववेना. मी उठले. सलाईनच्या बाटल्या, सेट, इंजेक्शनं, हातमोजे, बाळाचे ठोके ऐकायची नळी, सगळं पिशवीत भरलं. समोर राजारामची जीप उभी असायची, त्याला हाक मारली.

"व्हिजिट आहे. गगनबावडा रोड."

हौसाबाई दारात आडव्या आल्या. "आवो, पर कशापायी? बोलावणं न्हाई, निरोप न्हाई! व्याही काय म्हणतील?"

"माझं नाव सांगा. डॉक्टरीणबाईंना गगनबावडा बघायचा होता म्हणा."

"आन संध्याकाळची धार?" हे तानाजीनं विचारलं. खांदा धरून, तशा अवस्थेत.

"तुझी आई काढेल. बस जीपमध्ये."

त्याला का घेतलं, हे त्या वेळी मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. पेशंट आहे, नजरेसमोर असलेला बरा, असं काहीतरी.

तो रस्ता मी कधी विसरणार नाही. बालिंगा, कळे... दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी आलेलं. राजारामनं कुणी अडवायच्या आत जीप घातली. मी पुढे बसलेली. दर थोड्या वेळानं मागे न बघता विचारायचे, "तानाजी, खांदा?"

"हाय."

"वाढलाय?"

"व्हय. आन तहान लागल्या लई."

मी पाण्याची बाटली मागे दिली आणि रस्त्याकडे बघत बसले. पोटात रक्तस्राव होणाऱ्या माणसाला तहान लागते. हेही त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण तहान कुणालाही लागते, मी स्वतःला समजावलं. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही, घाम गेलाय. प्रत्येक गोष्टीला मी उत्तर देत होते आणि प्रत्येक उत्तर बरोबर होतं. तरी साळवणच्या पुढे एका वळणावर राजारामनं बिडी पेटवायला जीप हळू केली, तेव्हा मी त्याच्यावर एवढी ओरडले की त्यानं बिडी तशीच बाहेर फेकली.

वाडीकडे जाणारा रस्ता चिखलाचा. खोपटात उभा असलेला एक म्हातारा विचारायला लागला, "पावणं, कुठलं म्हणायचं?" आम्ही थांबलो नाही.

घरासमोर जीप थांबल्याचा आवाज ऐकून संगीताची आई बाहेर आली. जावयाला पाहून तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला.

"आगंबाई, जावई! आन ह्या कोण?"

"मी कोल्हापूरची डॉक्टर. संगीता कुठाय?"

"निजल्या. सकाळधरनं कळा हुत्या, पर खोट्या निघाल्या बघा. दुपारी आपसूक थांबल्या. आत्ता कुठं डोळा लागलाय तिचा."

"कळा सुरू झाल्या आणि कोल्हापूरला कळवलं नाहीत?"

"कळा लागल्याचं बाहेर बोलू नये न्हवं. बाळंतपण लांबतंय. सुटका झाल्यावरच सांगायचं, आमच्यात तसंच हाय."

तेवढ्यात तिच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. कोपरापर्यंत तेलानं माखलेले.

"हे तेल कसलं?"

"खांदा अवघडलाय म्हणत्या. तेच चोळत हुतो जरा."

माझ्या मागे तानाजी उभा होता. मी चपला न काढता आत गेले.

संगीता झोपलेली नव्हती. पापणी खाली ओढून पाहिली, आत कागदासारखं पांढरं. नाडी बोटाखाली लागेना. पोट फळीसारखं ताठ. बाळाचे हातपाय कातड्याच्या लगेच खाली हाताला लागत होते, ते तसे कधी लागू नयेत. नळी लावून बराच वेळ ऐकलं. बाळाचे ठोके नव्हते.

दोन्ही हातांना सलाईन लावली. पावसात बाटल्या धरून संगीताचे दोघे भाऊ जीपमध्ये चढले, रक्त द्यायलाही तेच. कळे गावातल्या बूथवरून मी माझ्या सर्जन मैत्रिणीला फोन करून ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. संगीताचं डोकं तानाजीच्या मांडीवर होतं. ती मधेच डोळे उघडून म्हणाली, "तुमी कशाला आला? म्हशी?" तो म्हणाला, "गप पड."

आणि मी विचारलं, "तानाजी, खांदा?"

त्यानं खांद्याला हात लावून पाहिला. जणू विसरलाच होता. "न्हाई आता. हिला बघितल्यापास्नं न्हाई."

संगीता वाचली. बाळ वाचलं नाही, ते आम्ही पोचायच्या आधीच गेलं होतं. मैत्रिणीनं सांगितलं, पिशवीला जन्मापासून एका बाजूला छोटा कप्पा होता, मूल त्यात वाढत होतं, तो फाटला. अशी ठेवण बाहेरून कळत नाही, आणि त्या काळच्या सोनोग्राफीत ती निसटली. अजून तासभर गेला असता तर ही हाताशी लागली नसती, असंही ती म्हणाली. मग हात धुता धुता तिनं विचारलं, "पण तू तिथं पोचलीस कशी? कुणी बोलावलं?"

त्या दिवशी मी विषय बदलला. काही दिवसांनी सगळं सांगितलं. ती माझ्यासारखीच आहे, कशावरही विश्वास न ठेवणारी. तिनं एकेक गोष्ट सोडवायला घेतली. नवऱ्याला कळा — ठाऊक असलेला प्रकार. त्याच दिवशी जोर धरला — योगायोग. महिनाभर दुखत होतं, एखादा दिवस जुळणारच. थांबल्या — त्याही कधीतरी थांबणारच होत्या. मी म्हटलं, "आणि खांदा?" ती म्हणाली, "बहिणीच्या वेळी त्यानं ऐकलं असेल."

हे मलाही सुचलं होतं. मी हौसाबाईंकडे गेले. त्या पायाला फडकं बांधून बसल्या होत्या. काळीनं शेवटी लाथ घातलीच होती. मी सरळ विचारलं, तुमची मुलगी गेली तेव्हा तिचा खांदा दुखत होता का? त्यांनी पायाचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाल्या, "न्हाई. ती बाळंत झाली, प्वार रडलं, आन मग अंगावरनं रगत गेलं तिच्या. थांबंचना. खांदा न्हाई, काय न्हाई. आन ह्यो तवा मामाच्या गावाला हुता. कुणी बोललंच न्हाई त्याच्याफुडं."

तानाजीनं म्हशींची बाळंतपणं पुष्कळ केलेली, तिथून काही मनात बसलं असेल का? तोही धागा मी लावून पाहिला. पण म्हैस काही खांदा दुखतो म्हणून सांगत नाही. मीच नकळत काही बोलले असेन का, माझ्या चेहऱ्यावरून त्यानं काही ओळखलं असेल का? पण तो 'थांबलं' म्हणाला तेव्हा माझी पाठ होती, आणि त्यानं खांदा दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात बी-कॉम्प्लेक्स सोडून काही नव्हतं.

पुढे तीन-चार वर्षांनी संगीताला पुन्हा दिवस गेले. मैत्रिणीनं फाटलेला भाग काढून पिशवी शिवली होती, ती म्हणाली, जपून नेलं तर होईल. ह्या वेळी तिला माहेरी पाठवलं नाही. हौसाबाईंनी व्याह्यांना तोंडावर सांगितलं, "डाक्टरच्या दाराम्होरं ठेवणार हाय मी तिला." तानाजी चौकातून परतताना रोज दवाखान्यात डोकवायचा. "आज काय दुखत न्हाई, डॉक्टरीणबाई." मी मान हलवायची आणि तो गेल्यावर अस्वस्थ व्हायची. त्याचं न दुखणं ही चांगली खूण मानायची का? का ते एकदाच व्हायचं होतं, झालं, आणि ह्या वेळी आम्हाला कुणी सांगणार नव्हतं? हे असले विचार मी करतेय ह्याचीच मला चीड यायची. मग मी संगीताला तपासायला बोलवायची. गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा बोलवायची.

सिझेरियन ठरवून केलं. मी तानाजीबरोबर बाहेर बाकावर बसले होते. कुणीतरी चहा आणून दिला होता. आतून रडण्याचा आवाज आला, नर्सनं दार उघडून सांगितलं, मुलगी, दोघी ठीक आहेत. हौसाबाई पेढे आणायला धावल्या. तानाजी मात्र जागचा हलला नाही. हात पोटावर, मग खांद्यावर, असा चाचपून बघत बसला.

"आत्ता हिचं पोट फाडलं," तो म्हणाला. "आन मला काय बी झालं न्हाई. मुंगीसुद्धा चावली न्हाई. मग त्या टायमाला माझ्यात ते कसं आलं?"

मी डॉक्टर आहे. माणसं मला विचारतात आणि मी उत्तर देते, तेच माझं काम.

"चहा गार होतोय," मी म्हटलं. "पी आणि आत जा. मुलगी बघ."

तो गेला. मी तिथेच बसून राहिले. माझाही चहा तोवर गार झाला होता.